मोठी मायची गाणी रेकॉर्ड करायचीत, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळची पारोळा तालुक्यातली, आता नोकरीमुळे पुण्यात असते. माझी मोठी माय, म्हणजे आजी, ८६ वर्षांची आहे, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), कानबाई या आमच्या खान्देशातल्या देवीची, जात्यावरची कितीतरी गाणी तिला पाठ आहेत, सगळी अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशी बोलीत. माझ्या मुलांना अहिराणी कळते पण बोलता येत नाही. मागच्या सुट्टीत मी मोबाईल समोर धरून म्हटलं गा ना, तर म्हणे "माले काय येस" (मला काय येतं) आणि गप्पच बसली. शिवाय घरात पणजोबांच्या वेळची एक पेटी आहे, त्यात मोडी लिपीतले कागद आहेत. त्यातली एक जुनी वही काही वर्षांपूर्वी एकजण प्रदर्शनासाठी म्हणून घेऊन गेले ती परत आलीच नाही. नातेवाईक म्हणतात यात कसला इतिहास, इतिहास म्हणजे किल्ले आणि राजे. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण माझी एक आत्या अशीच गेली, तिची गाणी तिच्यासोबतच गेली आणि आम्ही सगळे पुढच्या वर्षी बघू पुढच्या वर्षी बघू करत राहिलो. म्हणून पहिलं सांगणं हेच की पुढच्या सुट्टीची वाट बघू नका, येत्या शनिवार-रविवारी गावी जा.

नातेवाईकांचं मनावर घेऊ नका. थाळनेर, लळिंगचे किल्ले, खान्देशचे फारुकी राजे हा आपला इतिहास आहेच, पण ते कुठे ना कुठे लिहिलेलं आहे, तुमच्या मोठी मायचं गाणं कुठेच लिहिलेलं नाही. २००१ च्या जनगणनेत आपली भाषा खान्देशी या नावाखाली २० लाखांहून जास्त लोकांनी सांगितली होती, २०११ ला तोच आकडा १८ लाखांवर आला. आणि बोललेला शब्द कोणीतरी बसून उतरवला तर काय होतं ते आपल्या धुळ्यानेच दाखवलंय, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे, म्हणून ती प्रवचनं आज आपल्या हातात आहेत. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, जेवढं घरच्यांनी उतरवून घेतलं तेवढंच उरलं.

आता मोठी माय गप्प का बसली ते. अहो, ही गाणी "गा" म्हटल्यावर येत नाहीत, ती हाताच्या कामासोबत येतात. गहू निवडायला घ्या, सांजोऱ्या करायला बसा, जातं असेल तर चार मुठी दळायला लावा, आणि तिच्या वयाची शेजारची एखादी बाई बोलवा, एकीने ओळ टाकली की दुसरी उचलते. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून घडी केलेल्या टॉवेलवर बाजूला ठेवा, पंखा बंद, टीव्ही बंद. पण रेकॉर्डिंग चालू आहे हे तिला आधी सांगा, लपून करू नका. सुरुवातीला तुम्हीच तारीख, गाव, तिचं नाव आणि तिचं माहेर बोलून घ्या. माहेर विसरू नका हं, कारण आखाजीची गाणी बाई बहुतेक माहेरून आणते, ती कोणत्या गावची, तिने कोणाकडून ऐकली, हे कळलं की गाण्याचा सगळा प्रवास कळतो. मध्येच थांबवून अर्थ विचारायचा नाही, तो दुसऱ्या बैठकीत, तेव्हा तिचंच गाणं तिला ऐकवा, ती आपोआप बोलायला लागेल की हे कधी म्हणायचे, कोण नाचायचं, झोका कोणत्या झाडाला बांधायचे.

लिहून काढताना मात्र एक हात जोडून विनंती, गाणं शुद्ध करू नका. ती "डोया" म्हणाली तर डोयाच लिहा, त्याचा डोळा करू नका. "माले"चं "मला" झालं की चाल मोडते आणि भाषाही जाते. मराठीत अर्थ द्यायचा तर खाली वेगळा द्या.

फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून नाही तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आवाज दाबला जातो. एक कॉपी लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावातल्या भावाकडे. यूट्यूबवर टाकायची घाई नको. लग्नातली शिव्यांची गाणी, रडण्याची गाणी चारचौघात जाऊ नयेत असं तिला वाटू शकतं, तिचा शब्द शेवटचा. आधी गावात ऐकवा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते तेव्हा रात्रभर बाया जागतातच, तिथे स्पीकरवर लावा, बघा किती जणी म्हणतील आमच्याकडे ही ओळ वेगळी आहे, त्याही नोंदवा.

पेटीचं : कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, स्टेपलर मारू नका. सावलीतल्या उजेडात एकेका पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मूळ क्रम मोडू नका, मग स्वच्छ सुती रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवा. वाचायला मोडी जाणणारं कोणी हवं असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन विचारा. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून असेच घरोघरचे कागद गोळा करायचे, ते १९२६ ला धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. तिथेही फोटो घेऊन जा, मूळ कागद द्यायचं ठरलंच तर घरच्या सगळ्यांशी बोलून आणि लेखी पावती घेऊन.

आणि ती वही. ज्यांनी नेली त्यांच्याकडे भांडायला नाही, पण एकदा जाऊन या, निदान पानांचे फोटो तरी काढू द्या म्हणा, आणि जाताना मोठी मायला सोबत घेऊन जा, वहीत काय होतं ते तिला आठवत असेल.