सासूबाई कोठीत पुस्तकं लपवतात

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. जळगावचा मे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या घरात, दुपारी रस्त्यावर कुत्रंपण दिसत नाही, त्यामुळे माझ्याकडे समुपदेशनासाठी दुपारची अपॉइंटमेंट सहसा कोणी घेत नाही. अशा टळटळीत दोन वाजता एक तिशीतली मुलगी डोक्याला स्कार्फ गुंडाळून आली, अर्धी बाटली पाणी प्यायली आणि पिशवीतून एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं, म्हणजे अगदी कोर्टात पुरावा ठेवतात ना तसं. कव्हरवर एक घाबरलेली बाई, मागे अंधारा बंगला. मी उघडलं तर आतून कडुनिंबाची वाळकी काडी पडली.

"मॅडम, हे आईंच्या गव्हाच्या कोठीत सापडलं. अजून दहा आहेत."

आई म्हणजे सासूबाई. (त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी त्यांना मावशी म्हणते, इथेपण मावशीच.) साठीच्या आसपास वय, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून रिटायर झालेल्या, मिस्टर २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडमध्ये गेले. घरी मुलगा, सून आणि पाचवीतला नातू. सुनेचं म्हणणं असं, की आई जेवण आटोपलं की खोलीत जातात, कूलर लावतात आणि हे असलं वाचत बसतात, खुनाच्या गोष्टी नाहीतर लव्ह स्टोऱ्या, कोणी आत आलं की पुस्तक उशीखाली. हे डिप्रेशन आहे का, की व्यसन लागलंय, नेटवर काहीतरी वाचलं तेव्हापासून मला झोप नाही.

मी म्हटलं, झोप तुला नाही की त्यांना? हसली नाही ती. बरोबरच आहे, तिला खरंच काळजी वाटत होती.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या कपड्यांत येतच असतो. आई मुलीबद्दल विचारते, नवरा बायकोबद्दल विचारतो, कधी माणूस स्वतःबद्दलच विचारतो की मी एवढा शिकलेला आणि मला हे असलं आवडतं, माझ्यात काही कमी आहे का. "असलं" हा शब्द मात्र प्रत्येक वेळी असतो. कोणाची आई दिवसभर ग्रंथ वाचत बसली तर तिला घेऊन माझ्याकडे कोणी येत नाही, जेवण विसरली तरी येत नाहीत.

पुढच्या आठवड्यात मावशी आल्या. येताना केळीचे वेफर्स घेऊन आल्या, आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "सुनबाईनं सांगितलंच असेल तुम्हाला. आता काय ती शिक्षा द्या." अगदी हेडमास्तरांसमोर उभं राहिल्यासारखं. मी आधी नेहमीची चौकशी केली. झोप कशी, भूक कशी, सलग दोन आठवडे उदास वाटत राहिलं का, आधी जे आवडायचं त्यातला रस गेला का, जगून काय करायचं असं मनात येतं का. त्यांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली आणि वर सांगितलं की या उन्हाळ्यात पाच किलो ज्वारीच्या बिबड्या (पापडासारखं वाळवण) घातल्या, पहाटे चारला उठून, शेजारणीच्यापण घालून दिल्या. आता नुसत्या बिबड्यांवरून मी निदान करत नाही, आतून खचलेली माणसंसुद्धा घर रेटून नेतात हे मी खूप पाहिलंय, पण मावशी बिबड्यांचं सांगताना हात हलवून सांगत होत्या, घाटा किती पातळ झाला आणि शेजारीण कशी वैतागली वगैरे. तो रस मला दिसत होता.

व्यसनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, त्यात गेमिंगचा विकार आहे, जुगाराचा आहे, कादंबऱ्या वाचण्याचा नाही. गेमिंगमध्येसुद्धा किती तास यावर ठरत नाही. हातात कंट्रोल राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसतंय तरी थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चालतं, तेव्हा त्याला विकार म्हणतात. मावशींचं काय मागे पडलं होतं? काहीच नाही. नातवाचा अभ्यास त्या घेत होत्या, पेन्शनच्या कामाला बँकेत स्वतः जात होत्या.

इथे माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला वाटलं, मिस्टर गेल्याचं दुःख या बाई पुस्तकाआड ढकलतायत. म्हणून मी म्हटलं, मावशी, एक आठवडा पुस्तकं बंद ठेवून बघू, काय काय वर येतं ते वहीत लिहा. फार हुशारीचं वाटलं होतं मला ते.

आठवड्याने आल्या तर डोळ्याखाली काळं. वही कोरी. म्हणाल्या, "ताई, रात्री झोपच येईना. सहा वाजले की फोनकडे बघत बसायची मी." मी विचारलं, सहाच का? मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मिस्टर ॲडमिट होते तेव्हा नऊ दिवस कोणाला आत सोडत नव्हते, दवाखान्यातून रोज संध्याकाळी सहाला फोन यायचा, कधी साडेसातला यायचा, दोन दिवस तर आलाच नाही. आज बरे आहेत, आज ऑक्सिजन वाढवला, आज बघू. "नऊ दिवस मले कळलंच नाही की गोष्ट कुठं चाललीय," असं म्हणाल्या त्या. एरवी शाळेतलं शुद्ध मराठी बोलणाऱ्या बाई, त्या एका वाक्यापुरत्या माहेरच्या बोलीत गेल्या.

मग सांगायला लागल्या की तेव्हापासून त्या कुठलंही पुस्तक आणलं की आधी शेवटची दहा पानं वाचतात. कोण मेलं, कोण वाचलं, खुनी कोण, त्या दोघांचं जमतं की नाही, एवढं बघून घ्यायचं आणि मग पहिल्या पानापासून निवांत वाचायचं. "याला काही अर्थ आहे का ताई? रहस्यकथेचा खुनी आधीच बघायचा म्हणजे शेव आधी खाऊन मग शेवभाजी मागवण्यासारखं झालं."

मी त्यांना सांगितलं की याच्यावर चक्क संशोधन झालंय. कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्या विद्यापीठात दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना कथा वाचायला दिल्या, त्यात रहस्यकथाही होत्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला आणि काहींना नाही, आणि ज्यांना आधी सांगितला त्यांना त्या कथा उलट जरा जास्तच आवडल्या. २०११ साली छापून आलंय ते. मावशी एकदम सरळ बसल्या. "म्हणजे माझ्यासारख्या खूप आहेत?" म्हटलं, अमेरिकेत तरी आहेत.

खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच कळलं की त्या पुस्तकांमध्ये त्यांना काय मिळत होतं. रहस्यकथेत कितीही गुंता असो, शेवटच्या पानापर्यंत कोणीतरी तो सोडवून देणार हे ठरलेलं असतं, आणि प्रेमकथेत गैरसमज झाला, आगगाडी सुटली, पत्र चुकीच्या हातात पडलं तरी शेवटी दोघं भेटणार. चांगल्या जड कादंबरीत ही हमी नसते, आणि ज्या बाईने नऊ दिवस फोनची वाट बघितली तिने संध्याकाळी सहाला ती हमी असलेलं पुस्तक उघडलं तर त्यात कसली पळवाट. मी जो आठवडा बंद करायला लावला तो नुसता जाच झाला. तसं मी त्यांना म्हटलंसुद्धा, सॉरी म्हटलं. फोनच्या वेळेबद्दल, त्या नऊ दिवसांबद्दल आम्ही नंतर बरंच बोललो, दोन-तीन महिने चाललं ते, ते इथे लिहीत नाही.

पण लपवण्याचं काय? ते कोविडच्या कितीतरी आधीचं निघालं. मावशींचे वडील भुसावळला रेल्वेत होते, स्टेशनवरच्या स्टॉलवरून बाबूराव अर्नाळकरांच्या छोट्या पुस्तिका आणायचे. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्यात, तेव्हा माल संपायचा प्रश्नच नव्हता. त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड घरात राहायलाच होते म्हणा ना. वडील स्वतः वाचायचे आणि मुलगी वाचताना सापडली तर मार. आठवीत असताना एकदा धान्याच्या पोत्यामागे बसून वाचताना सापडल्या, वडिलांनी पुस्तक हिसकावून घेतलं, एक ठेवून दिली, आणि मग तिथेच पायरीवर बसून पुढचं स्वतः वाचायला लागले. हे सांगताना मावशी इतक्या हसल्या की डोळ्यात पाणी.

आणि प्रेमकथा तर त्याहून वाईट. लेखक चंद्रकांत काकोडकरांच्या एका कथेवर अश्लील म्हणून खटला झाला होता, १९६२ च्या दिवाळी अंकातली कथा, ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. ज्या पिढीने हे बघितलं त्यांच्या घरात मुलीच्या हातातल्या प्रेमकथेकडे कसं बघत असतील ते वेगळं सांगायला नको. पुढे मावशी शाळेत बाई झाल्या, मुलांना सांगायला लागल्या चांगली पुस्तकं वाचा, आणि स्वतःची वह्यांच्या गठ्ठ्यात घालून घरी आणायला लागल्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं, सत्त्याण्णववं, तिथे मावशी जुन्या स्टाफसोबत गेल्या होत्या. पुस्तक प्रदर्शनात सगळ्याजणी समीक्षेची, चरित्रांची पुस्तकं घेतायत म्हणून यांनीही एक साडेपाचशे रुपयांचं समीक्षेचं पुस्तक घेतलं, जे अजून प्लास्टिकमध्येच आहे. मग बाथरूमला जाऊन येते सांगून गेल्या, तीन गल्ल्या पलीकडच्या स्टॉलवर दोन रहस्यकथा घेतल्या आणि शालीच्या आत धरून आणल्या. "परत आले तर आमच्या हेडबाई म्हणे, एवढा वेळ? म्हटलं पोट बिघडलं." पूर्ण प्रवासभर सगळ्या त्यांना लिंबू-पाणी पाजत होत्या.

मी सून आणि सासू दोघींना एकत्र बोलावलं. मला वाटलं होतं वाचनावर बोलणं होईल, पण सून पाचव्या मिनिटाला रडायलाच लागली. तिचा सल पुस्तकांचा नव्हताच. बाबा गेल्यावर आई माझ्यापासून काहीतरी लपवतात, मी खोलीत गेले की गप्प होतात, उशी सरकवतात, मला वाटायचं मी नकोय यांना. मावशी थक्क. त्यांना वाटत होतं सून एम.एस्सी. झालेली, ती हसेल. तर या एम.एस्सी. बाईंनी डोळे पुसत पुसत कबूल केलं की धुळ्याला हॉस्टेलवर असताना त्या इंग्लिश रोमान्स कादंबऱ्या बायोकेमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये घालून वाचायच्या, वॉर्डनच्या भीतीने. मावशींनी काय विचारावं? "शेवट गोड व्हायचा ना त्यांच्यात?"

आता कोणी म्हणेल मॅडम, म्हणजे कितीही वाचलं तरी चालतंच का. नाही चालत. त्याच महिन्यात माझ्याकडे एक एमपीएससीवाला मुलगा येत होता, मोबाईलवर भागाभागाने येणाऱ्या सस्पेन्स कथा वाचायचा, प्रत्येक भाग नेमका दार वाजल्यावर तुटतो, पुढचा भाग उघडायला पैसे, रात्रीचे तीन वाजायचे, सकाळची लायब्ररी बुडायची, आणि त्याला स्वतःलाच त्या कथा आवडत नव्हत्या. पुस्तक खाली ठेवल्यावर माणूस कसा असतो ते मी बघते. मावशी पुस्तक ठेवून नातवाला भागाकार शिकवायला बसायच्या, गुणगुणत. हा मुलगा फोन ठेवला की भिंतीकडे बघायचा. त्याच्यावर वेगळं काम करावं लागलं, त्याचा मूळ प्रश्न परीक्षेचा होता.

दिवाळीनंतर मावशी आल्या, काम काही नव्हतं, सहज. पुस्तकं कोठीतून टीव्हीखालच्या कपाटात आली होती, अजून नीमाचा वास येतो म्हणे त्यांना. सासू-सून एकच पुस्तक पाळीपाळीने वाचतात, आणि सुनेने नियम केलाय की शेवटची दहा पानं यू-पिन लावून बंद, खुनी कोण ते दोघींनी आधी कागदावर लिहून फ्रिजवर लावायचं. नातूपण लिहितो, तो दरवेळी डॉक्टरवर संशय घेतो.

"मग जमतं का न बघता?" मी विचारलं.

मावशींनी दाराकडे बघितलं, सून बाहेर गाडी लावत होती. "परवाची कादंबरी अगदीच जीवघेणी होती हो. काढली पिन. परत तशीच लावून ठेवली. तिला सांगू नका."