घोरण्याचा अर्थ यादीत नव्हता

“मुलाच्या मोबाइलमध्ये काही शब्द सापडले आहेत, ते नशेचे आहेत का, एवढेच सांगा,” असे म्हणत पालक माझ्याकडे वारंवार येतात. त्यांची भीती खरी असते आणि शब्दांचे अर्थ कळले की निम्मा प्रश्न सुटेल ही त्यांची समजूतही मी समजू शकते. पुढचा अनुभव त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहे. त्यासाठी संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत.

त्या बाई पहिल्या भेटीला आल्या तेव्हा त्यांच्या हातात वहीच्या पानाची चौपदरी घडी होती. वीस वर्षांचा मुलगा झोपल्यावर दोन रात्री जागून त्यांनी त्याचे आणि मित्रांचे संदेश वाचले होते. पानाच्या डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला इंटरनेटवरच्या एका यादीत सापडलेले अर्थ आणि काही शब्दांपुढे लाल शाईने आकडे लिहिलेले होते. ‘के’ या अक्षरापुढे चौदा हा आकडा होता. “मॅडम, के म्हणजे केटामाइन. चौदा वेळा आहे. म्हणजे माझा मुलगा चौदा वेळा…” त्यांना वाक्य पुरे करता आले नाही. थोड्या वेळाने त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, “तो गर्दुल्ला झाला का हो?”

हा शब्द आपण या खोलीबाहेर ठेवू, असे मी त्यांना सांगितले. आईच्या तोंडून हा शब्द एकदा कानावर पडला की मूल घरात काही सांगायचे थांबते, आणि पुढे कधी प्राणावर बेतले तरी घरी फोन करत नाही. मी ते अनेकदा पाहिले आहे. याच कारणाने मी ‘क्लीन’ हा शब्दही वापरत नाही, कारण न घेणारा स्वच्छ म्हटला की घेणारा आपोआप घाणेरडा ठरतो.

यादी बाजूला ठेवून मी त्यांना विचारले, “हे शब्द ज्या वाक्यांत आले, ती वाक्ये तुमच्याकडे आहेत का?” त्यांनी काही संदेशांचे फोटो काढून ठेवले होते. आम्ही ते एकेक करून वाचले. ‘के’ बहुतेक ठिकाणी एकटेच होते, “सहाला ये” किंवा “चार्जर आण” अशा संदेशांच्या उत्तरादाखल आलेले. त्याचा अर्थ ‘ठीक आहे’ एवढाच होता. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

त्यांचा जीव भांड्यात पडला, पण माझा पडला नव्हता. पानावर ‘बार’ असाही एक शब्द होता आणि त्याच्यापुढे त्यांनी काहीच लिहिले नव्हते, कारण बार म्हणजे दारू पिण्याची जागा हे सर्वांनाच माहीत असते. संदेशात मात्र “दोन बार आहेत, रात्री उतरवायला” असे होते. अल्प्राझोलम या गुंगी आणणाऱ्या, झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या औषधाच्या दोन मिलिग्रॅमच्या लांबट, खाचा असलेल्या गोळीला बार म्हणतात. त्यानंतरच्या फोटोत मुलाचाच एक संदेश होता: “काल त्याला हलवलं तरी उठेना. जाम घोरत होता. म्हटलं झोपू दे.”

या संदेशात एकही अनोळखी शब्द नसल्यामुळे तो त्यांच्या पानावर उतरला नव्हता. मला मात्र सगळ्या फोटोंत त्याचीच सर्वाधिक भीती वाटली. झोपेची गोळी, दारू आणि अफूच्या वर्गातील पदार्थ हे तिन्ही श्वास मंदावणारे आहेत आणि एकत्र आले की त्यांचा परिणाम फार वाढतो. अशा वेळी घशाचे स्नायू सैल पडून येणारा घरघरता, खोल आवाज आजूबाजूच्यांना गाढ झोपेतले घोरणे वाटतो, म्हणून ते दिवा मालवून निघून जातात. हलवून, हाक मारूनही न उठणारा आणि असा आवाज करणारा माणूस झोपलेला नसतो. त्याला त्या क्षणी मदतीची गरज असते. त्या मित्राचा जीव वाचला हे त्याचे नशीब होते.

अनोळखी शब्दाने आपले सगळे लक्ष वेधून घ्यावे ही चूक माझ्याकडूनही झाली आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलीने “शनिवारी गोळी घेते” असे सांगितले. मी ती एक्स्टसी, म्हणजे पार्ट्यांमध्ये घेतली जाणारी उत्तेजक गोळी, समजले आणि पाऊण तास शरीर तापण्याविषयी आणि एकदम भरमसाट पाणी पिण्याच्या धोक्याविषयी बोलत राहिले. ती दारूबरोबर झोपेची गोळी घेत होती, हे मला दुसऱ्या भेटीत कळले. मधल्या शनिवारी काही विपरीत घडले नाही, याचे श्रेय माझ्याकडे जात नाही. तेव्हापासून ओळखीचा वाटणारा शब्द आला तरी मी “तू त्याला काय म्हणतोस, ते दिसते कसे, कुणाकडून मिळते आणि घेतल्यावर किती वेळाने काय होते?” असे विचारते.

मुलगा आठवड्याने आला. आईने संदेश वाचल्याचे त्याला घरीच सांगावे, असे मी सुचवले होते आणि बाईंनी ते धैर्याने केले होते. तो रागावलेला होता, तरी आला. कुणाच्या जिवाला तातडीचा धोका दिसला तरच मी इथले बोलणे बाहेर सांगेन, हे मी आधीच स्पष्ट केले. मग तो बोलू लागला. संदेशांतला ‘एम’ म्हणजे एमडी, आणि एमडी म्हणजे एमडीएमए (एक्स्टसी), असे त्याला वाटत होते. वर्तमानपत्रांत एमडी हा शब्द मेफेड्रोन या दुसऱ्या उत्तेजक पदार्थासाठी येतो आणि हे दोन पदार्थ वेगळे आहेत. मेफेड्रोनचा अंमल दोन-तीन तासांत ओसरतो आणि पुन्हा घेण्याची ओढ फार तीव्र असते. “म्हणूनच आम्ही सकाळपर्यंत थांबत नाही,” तो म्हणाला. झोप येत नाही म्हणून बार, आणि बारबरोबर उरलेली दारू, असा क्रम होता. शिवाय उत्तेजक पदार्थाचा अंमल चालू असेपर्यंत गुंगी जाणवत नाही, त्यामुळे माणूस आणखी घेतो, आणि उत्तेजक उतरले की बाकी सगळे एकदम अंगावर येते.

“पण बार म्हणजे डॉक्टर देतात तीच गोळी आहे,” तो म्हणाला. मी विचारले, “पट्टीतली की सुटी?” ती सुटी होती. सुट्या गोळीवरचा आकार आणि छाप कुणालाही साच्यात काढता येतो. अशा बनावट गोळ्यांत फेंटानिल हा अफूच्या वर्गातील पदार्थ सापडल्याची उदाहरणे जगात आहेत आणि ते हेरॉइनपेक्षा सुमारे 50 पट तीव्र असते. फेंटानिल तपासण्याची कागदी पट्टी जेथे मिळते तेथे ती गोळीत फेंटानिल आहे की नाही एवढेच सांगते. ते किती आहे हे तिच्यावरून कळत नाही, आणि निटाझीन या वर्गातील तितकेच घातक पदार्थ तिला ओळखता येत नाहीत. बोलीतले नाव म्हणजे विकणाऱ्याने केलेला दावा असतो. आत काय आहे ते त्यावरून ठरत नाही, आणि शब्दांच्या याद्या वाचणाऱ्या पालकांनाही मला हेच सांगायचे असते.

तो बार रोज घेतो का, हे मी मुद्दाम विचारले. तो रोज घेत नव्हता. रोज घेणाऱ्याच्या गोळ्या घाबरलेल्या पालकांनी एका दिवसात फेकून दिल्या तर झटके येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी कराव्या लागतात.

“घोरणं आणि ते घोरणं यातला फरक कसा ओळखायचा?” हे त्याने स्वतःहून विचारले. मी त्याला दाखवले. मोठ्याने हाक मारायची, खांदे हलवायचे, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची बोटे जोराने घासायची. तरीही माणूस जागा झाला नाही, दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर पडू लागले, किंवा ओठ आणि नखे निळी-करडी दिसू लागली, तर रुग्णवाहिका बोलवायची आणि काय काय घेतले ते खरे सांगायचे. श्वास थांबला असेल किंवा नीट चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा, आणि फोनवरचा माणूस सांगेल तसे करत राहायचे. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवायचे, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकत नाही. नॅलोक्सोन हे अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम उलटवणारे औषध मिळत असेल तर द्यायचे. झोपेच्या गोळीवर किंवा दारूवर त्याचा उपयोग होत नाही, पण गोळीत अफूवर्गीय काही मिसळले असेल तर तेच जीव वाचवते. त्याचा अंमल अर्धा ते दीड तासच टिकतो, म्हणून माणूस शुद्धीवर आला तरी त्याला एकटे सोडायचे नाही.

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत त्याने मिनिटभर माझे श्वास मोजले. पंधरा भरले. मोठ्या माणसाचे साधारण बारा ते वीस असतात, असे मी सांगितल्यावर त्याने मोबाइल काढून त्या मित्राला तिथेच संदेश लिहिला आणि पाठवण्यापूर्वी मला वाचून दाखवला: “त्या रात्री तू झोपला नव्हतास. भेटल्यावर सांगतो.”

बाई बाहेर बसल्या होत्या. ते पान माझ्याच टेबलावर राहिले होते. पुढच्या भेटीत मी ते परत दिले, तेव्हा मुलाने ते त्यांच्या हातातून घेतले, खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्या शब्दापासून कशाचा काय अर्थ आहे ते आईला सांगू लागला.