परवानगी मिळाली, अहवालाचं काय?

राष्ट्रीय उद्यानात अभ्यास करायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते, असं गेल्या अंकात एका उत्तरात ओझरतं लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. मी वनखात्यातून सहायक वनसंरक्षक म्हणून निवृत्त झालो. संशोधकांच्या अर्जांवर अभिप्राय लिहिणं आणि परवानगी आल्यावर त्यांना रानात नेणं, दोन्ही कामं माझ्याकडे असायची. त्यामुळे या वेळी सगळी जागा याच विषयाला देतो.

आम्ही मित्र दर हिवाळ्यात ताडोबाला सफारीला जातो. दिसलेल्या पक्ष्यांची यादी करून मोबाइलवरच्या ॲपवर टाकतो. याला संशोधनाची परवानगी लागते का?
— एक पक्षीप्रेमी, चंद्रपूर

नाही. जिप्सीत बसून डोळ्यांनी पाहिलेलं वहीत लिहायला पर्यटकाचा परवाना पुरे. मात्र गाडीतून खाली उतरणं, झाडाला कॅमेरा बांधणं, ड्रोन उडवणं, पक्षी पुढे यावा म्हणून त्याचा आवाज स्पीकरवर वाजवणं, यातलं काहीही त्या परवान्यात बसत नाही. आवाज वाजवण्यात काय बिघडतं असं बऱ्याच जणांना वाटतं. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो खाणं-भरवणं सोडून त्याला शोधत हिंडतो. आणि घरट्याची नेमकी जागा ॲपवर उघडी ठेवू नका, एवढी विनंती.

मी एमएस्सीला आहे. येत्या पावसाळ्यात चांदोली राष्ट्रीय उद्यानात बेडकांवर प्रकल्प करायचा आहे. शक्यतो पकडणार नाही, रात्री आवाज रेकॉर्ड करून मोजणी करणार. ओळखीच्या एकांनी सांगितलं, आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) साहेबांना भेट, ते तोंडी हो म्हणाले की झालं. तेवढं पुरेल का?
— एक विद्यार्थिनी, कराड

पुरणार नाही. शिवाय तोंडी 'हो' म्हणणारा अधिकारीही अडचणीत येईल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 28 मध्ये अभयारण्यात शिरण्याची कारणं दिली आहेत. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसांशी कायदेशीर व्यवहार, एवढीच. कलम 35 मुळे तीच तरतूद राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. परवाना देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा, आणि आपल्या राज्यात ते कार्यालय नागपूरला आहे. अर्ज त्यांच्या नावे करा. चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं, म्हणून एक प्रत कोल्हापूरला क्षेत्र संचालकांकडे द्या. अभिप्राय खालून वर जातो, तेव्हा क्षेत्रावरच्या अधिकाऱ्यांना तुमचं काम आधी कळलेलं असेल तर फाइल लवकर हलते.

'येत्या पावसाळ्यात' हे शब्द वाचून मला काळजी वाटली. पावसाळ्यातल्या कामाचा अर्ज आदल्या दिवाळीच्या सुमाराला गेलेला बरा. अभिप्राय, त्रुटी, पुन्हा खुलासा यात महिने जातात. मे महिन्यात अर्ज करून जूनमध्ये गेटवर उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचा हंगाम हुकला आणि मलाही फार वाईट वाटलं, पण कागदाशिवाय आत सोडता येत नव्हतं.

अर्जात काय लिहायचं, तर जे करणार ते सगळं. 'बेडकांचा अभ्यास' एवढ्यावर भागत नाही. कुठल्या परिक्षेत्रात, कुठल्या ओढ्यावर, कुठल्या तारखा, सोबत कोण कोण, गाडीचा नंबर, रेकॉर्डर किती, मुक्काम कुठं. तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा रात्रीचा. बेडूक ओरडतात अंधार पडल्यावर, आणि उद्यानात सूर्यास्तानंतर कुणी फिरायचं नसतं. रात्री किती ते किती, हे स्पष्ट मागितलं नसेल आणि आदेशात आलं नसेल, तर परवानगी हातात असूनही तुम्हाला दिवसाचं रान बघून परतावं लागेल. एकटीनं जायचा आग्रह धरू नका. चांदोलीत गवे आहेत, अस्वलं आहेत. पावसात, धुक्यात दहा पावलांवरचा गवा दिसत नाही, वनरक्षकाला मात्र त्याचा वास आधी लागतो.

तुम्ही 'शक्यतो पकडणार नाही' असं लिहिलंय. तो 'शक्यतो' काढून टाका. पकडायचं असेल तर तसं लिहा, नसेल तर पकडूच नका. कायद्याच्या व्याख्येत वन्य प्राणी पकडणं हीसुद्धा शिकार आहे. लांबी मोजायला बेडूक हातात घेणं, त्वचेवरून स्वॅब घेणं, बोटाचं टोक कापून खूण करणं, यासाठी कलम 12 खाली वेगळा परवाना मागावा लागतो. प्राणी अनुसूची 1 मधला, म्हणजे कायद्यानं सर्वाधिक संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीतला असेल तर आधी केंद्र सरकारची मंजुरी लागते, इतर प्राण्यांसाठी राज्य सरकारची. इथे बरेच जण जुन्या प्रबंधातून अनुसूची उतरवून काढतात. 2022 च्या दुरुस्तीनं सहाच्या चार अनुसूच्या झाल्या आणि 1 एप्रिल 2023 पासून त्या लागू आहेत. तुमच्या यादीतली प्रत्येक जात नव्या अनुसूचीत तपासून मगच अर्जात लिहा.

आणखी एक गोष्ट, जी आदेशात असो-नसो, तुम्ही पाळाच. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही नोंदली गेली आहे. एका ओढ्यातला चिखल बुटाला घेऊन दुसऱ्या ओढ्यात उतरायचं नाही. बूट आणि जाळी ब्लीचिंगच्या पाण्यानं धुवून पूर्ण वाळवायची. कोयना टोडसारखी बेडकाची जात, जिचं पहिलं वर्णन 1963 साली कोयनेच्या परिसरातून झालं, ती जगात मोजक्याच जागी उरली आहे. तिच्या डबक्यात आपण रोग नेऊन सोडायचा नाही.

परवानगी आली की थेट रानात शिरू नका. आधी परिक्षेत्र कार्यालयात आदेश दाखवा, बीटच्या, म्हणजे रानाच्या त्या तुकड्याच्या राखणीवर असलेल्या वनरक्षकाला भेटा, संरक्षण कुटीतल्या रजिस्टरवर रोज येण्याजाण्याची सही करा. रात्री तुम्ही परतला नाहीत तर कुणाला कुठं शोधायला जायचं, ते त्या सहीवरून ठरतं.

मी मूळचा अमरावतीचा. सहा वर्षं अमेरिकेत आहे, तिथल्या विद्यापीठात जिवाणूंवर पीएचडी करतो. दिवाळीत घरी येईन तेव्हा मेळघाटातून मातीचे थोडे नमुने घेऊन जायचा विचार आहे. मी भारतीय नागरिक आहे, तर अडचण नसावी ना?
— एक वाचक, अमेरिका

अडचण आहे, आणि ती एका ठिकाणी संपत नाही. मेळघाटात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून मूठभर माती उचलायलाही मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. दुसरं, जैविक विविधता अधिनियम, 2002 चं कलम 3. आयकर कायद्याप्रमाणे तुम्ही अनिवासी ठरत असाल, तर पासपोर्ट भारताचा असूनही संशोधनासाठी इथली जैविक संपत्ती घ्यायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमंजुरी हवी. मातीतले जिवाणू हीसुद्धा जैविक संपत्तीच. तिसरं, परदेशी माती आत न्यायला अमेरिकेच्या कृषी खात्याची परवानगी लागते. बॅगेत पिशवी टाकून नेण्याचा विचार मनातून काढून टाका.

एवढी कडक व्यवस्था का, असा राग तुम्हाला येईल. त्याचं उत्तर तुम्ही राहता त्या देशातच आहे. 1966 साली थॉमस ब्रॉक यांना यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम पाण्याच्या झऱ्यात 'थर्मस ॲक्वाटिकस' हा जिवाणू मिळाला. त्यांनी तो रीतसर सार्वजनिक संग्रहात ठेवला. पुढे त्यातल्या उष्णता सोसणाऱ्या विकरामुळे (एन्झाइममुळे) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, सुटसुटीत झालं. कोरोनात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली, ती चाचणी याच तंत्रावरची. 1991 मध्ये पीसीआरचे हक्क 30 कोटी डॉलरला विकले गेले. ज्या उद्यानानं तो झरा राखला, त्याला त्यातलं काहीच मिळालं नाही. त्यानंतर तिथले नियम बदलत गेले. आज तिथे उद्यानातून कायमस्वरूपी जपण्यासाठी घेतलेला नमुना कुठल्याही प्रयोगशाळेत असला तरी मालकी सरकारची राहते. आपला 2002 चा कायदा याच प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे आणि मला तो योग्य वाटतो.

तुमच्यासाठी सरळ वाट म्हणजे इथल्या एखाद्या विद्यापीठाला किंवा संस्थेला सोबत घ्या. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या आणि मंजूर झालेल्या सहकार्य प्रकल्पांना कलम 5 मध्ये सवलत आहे. आणि शक्य असेल तर जिवाणू वाढवण्याचं, तपासण्याचं काम इथल्याच प्रयोगशाळेत करा. अमरावतीची मुलंही त्यातून शिकतील.

आमच्या विद्यार्थ्याला एका राष्ट्रीय उद्यानात काम करण्याची परवानगी होती. मुदत संपली, प्रबंधही सादर झाला. आदेशात 'अहवाल सादर करावा' अशी अट आहे. पण पेपर अजून छापून आलेला नाही. आधी अहवाल दिला तर आकडे बाहेर जाण्याची भीती वाटते. पेपर आल्यावर त्याचीच प्रत पाठवली तर चालेल का?
— एक प्राध्यापक, पुणे

नाही, सर. चालणार नाही, आणि हे मी कळकळीनं लिहितोय.

एका रानात वनरक्षकानं मला जांभळाच्या खोडावरचा एक बिल्ला दाखवला होता. ॲल्युमिनियमचा, खिळ्यानं ठोकलेला, वर आकडा कोरलेला. साल दोन्ही बाजूंनी वाढत येऊन तिनं अर्धा बिल्ला पोटात घेतला होता. पुढे हिरड्यावर तसाच, ऐनावर तसाच. कुणीतरी त्या पट्ट्यातलं झाडन्‌ झाड मोजलं होतं, घेर लिहिले होते, भर उन्हात घाम गाळला होता. मी फाइल काढायला लावली. परवानगीची प्रत सापडली, अहवाल नव्हता. संस्थेला पत्र लिहिलं. काम करणारे परदेशी गेले होते, वह्या कुठं आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. तीच झाडं पुन्हा मोजली असती तर किती वाढली, किती वठली, वणवा थांबवल्यावर रोपं धरली का, हे कळलं असतं. त्या उद्यानाची एका काळची मोजदाद कायमची गेली. त्या संशोधकांचा पेपर कदाचित छापूनही आला असेल, पण पेपरात सरासरी असते. कुठल्या नंबरचं झाड कुठं आणि केवढं, ते नसतं.

उलट उदाहरणही देतो. 2009 साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर भागात विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढून, मायक्रोचिप बसवून आणि गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. विद्या अत्रेय यांचा संशोधक गट आणि वनखातं यांनी मिळून केलेलं ते काम. 'आजोबा' या नावानं तो पुढे ओळखला गेला. सुमारे 120 किलोमीटर चालून तो मुंबईजवळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. 2011 च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीच्या धडकेनं एक बिबट्या मेला, तेव्हा चिपच्या नंबरावरून कळलं की हा तोच. नंबर नोंदीत होता म्हणून कळलं. जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले, हे त्यांच्याच अभ्यासातून पुढे आलं. 2011 साली केंद्रानं बिबट्यांबाबतच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सरसकट पकडापकडीला आवर घालण्यावर भर होता. संशोधन खात्यापर्यंत पोचलं की असा उपयोग होतो.

आता तुमची भीती. ती खोटी नाही. पण अहवाल देणं म्हणजे आकडे जगाला वाटणं नव्हे. पहिल्या पानावर 'अप्रकाशित, प्रकाशनापर्यंत गोपनीय' असं लिहा आणि अमुक महिन्यांपर्यंत इतरांना देऊ नये, अशी विनंती पत्रात करा. नेमके अक्षांश-रेखांश आणि कक्ष क्रमांक खात्याला द्या, छापील पेपरात मात्र ढोबळ ठेवा. 2013 साली पन्नाच्या वाघाच्या जीपीएस पट्ट्याची माहिती जिथं यायची, त्या ईमेल खात्यात घुसण्याचा प्रयत्न झाला होता. शिकाऱ्यालाही आकडे हवे असतात, हे कायम लक्षात असू द्या.

अहवालात जे जमलं नाही तेही येऊ द्या. अमुक प्राणी शोधला, सापडला नाही. कॅमेरे लावले, हत्यारं लावल्यासारखे दिसतात म्हणून गावकऱ्यांनी काढायला सांगितलं. पेपरात याला जागा नसते, पण पुढच्या संशोधकाचा एक हंगाम त्यानं वाचतो. झाडांवर बिल्ले, जमिनीत खुंट्या ठेवल्या असतील तर त्यांची यादी जोडा, किंवा जाऊन काढून आणा.

आणि दोन पानं मराठीत लिहा. इंग्रजी प्रबंध कार्यालयाच्या कपाटात जातो, बीटवर पोचत नाही. गवतांवर काम केलेल्या एका मुलीनं जाताना दोन पानं लिहिली, गवतांचे फोटो डकवले, लॅमिनेट करून संरक्षण कुटीत खिळ्याला अडकवली. सांबर कुठलं गवत आधी खातं, गवा कुठलं, जळल्यावर आधी काय उगवतं, एवढंच. पुढच्या हंगामात वणवा अडवायला जाळरेषा काढायची वेळ आली तेव्हा तिथला वनरक्षक माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, या पट्ट्यात ते सांबराचं गवत आहे, रेषा थोडी वर घेऊ या का?" आम्ही घेतली.

तेव्हा अहवाल आत्ताच पाठवा. मुख्य वन्यजीव रक्षकांना एक प्रत, उद्यानाच्या प्रमुखांना एक, आणि मराठी पानं परिक्षेत्र कार्यालयाला. पेपर छापून आला की त्याची प्रत वेगळी द्या, आणि आभारात तुमच्या विद्यार्थ्यासोबत चाललेल्या वनरक्षकाचं आणि वनमजुराचं नाव आडनावासकट, बिनचूक लिहा.