पाच पूर्ण झाली की मुलगा बापाचा?

प्रश्न : ताई, दिवाळीपासून मुलाला घेऊन सांगलीहून वाईला माहेरी आलेय. तो साडेचार वर्षांचा आहे. नवरा फोनवर म्हणतो, ‘पाच पूर्ण होऊ दे, कायद्यानं तो माझाच.’ झोप उडालीय.

उत्तर : अहो, वाढदिवसाच्या केकबरोबर ताबा बदलत नाही! ही अर्धवट ऐकीव माहिती सांगणारं कुणी ना कुणी माझ्याकडे येतंच. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, एवढंच म्हटलंय. पुढे ते आपोआप वडिलांकडे जात नाही; कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सर्वांत वर.

वेगळं व्हायचंच ठरलं, तर कोर्टासाठी सांगलीला खेपा घालायची गरज नाही. हिंदू विवाह कायद्यानुसार पत्नी राहते त्या भागातल्या न्यायालयातही घटस्फोटाचा अर्ज करता येतो. त्यातच कलम २६ खाली तात्पुरता ताबा आणि मुलाचा खर्च मागा. बालवाडीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून ठेवा.

आणि रागावू नका, पण मारहाणीची किंवा पळवून नेण्याची भीती नसेल तर रविवारी बापलेकाची भेट होऊ द्या. विनाकारण अडवलेली भेट न्यायाधीशांना खटकते.