'सी' सापडत नाही, बिघडलं कुठं?

प्रश्न: मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टेलर श्रेणीनं √२६ ची किंमत काढा आणि चूक किती ते सांगा, असं गणित होतं. लाग्रांजच्या शेषपदात (श्रेणी मध्येच तोडल्यावर राहणारी चूक दाखवणाऱ्या पदात) एक 'सी' येतो. तो २५ आणि २६ च्या मध्ये कुठंतरी असतो म्हणे. कुठं, ते माहीत नसेल तर चूक काढायची कशी? आणि चूक कळलीच तर खरं उत्तरही कळलं की! मग अंदाज कशाला?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न मीही कॉलेजात विचारला होता. "पाठ कर, परीक्षेला येतं," एवढंच उत्तर मिळालं. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

पावसाळ्यात आमच्या कोल्हापुरात सकाळी चहाच्या आधी पंचगंगेची पातळी विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. शेजारच्या काकू दुधाची पिशवी हातात घेऊनच दारात येतात, "मॅडम, पाणी कितीवर? सामान माळ्यावर टाकू काय?"

समजा, सहा वाजता ३९ फूट आहे आणि पाणी तासाला ३ इंच चढतंय. दहाला ४० फूट होणार, हे काकूच सांगतील. आत्ताची पातळी आणि चढायचा वेग, म्हणजे फलाची (फंक्शनची) किंमत आणि पहिला डेरिव्हेटिव्ह. टेलरची दोन पदं काकूंनी न शिकता वापरली. पण मध्येच राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले तर वेग बदलणार. नेमका किती, ते कुणाला ठाऊक? तरी धरून चालू, की वेगात दर तासाला फार तर १ इंचाचा फरक पडेल. मग दहापर्यंतची चूक (निम्मा × वेगातला फरक × वेळेचा वर्ग) जास्तीत जास्त ½ × १ × ४², म्हणजे ८ इंच. पाणी ३९ फूट ४ इंच ते ४० फूट ८ इंच यांच्या मध्येच कुठंतरी. ४३ नक्की नाही. काकू, चहा घ्या निवांत.

दहाची नेमकी पातळी मला अजूनही माहीत नाही, हे लक्षात आलं का? चूक कळलेली नाही, चुकीला कुंपण घातलंय. 'सी' चंही तसंच. तो शोधायचाच नसतो. तो कुठंही असला तरी पुढचा डेरिव्हेटिव्ह जास्तीत जास्त किती होईल, एवढं बघायचं. टेलरची श्रेणी १७१५ ची, लाग्रांजचं शेषपद १७९७ चं. कुंपण घालायला मोठ्या माणसांनाही वेळ लागला.

आता तुमचं गणित. २५ पासून निघालो तर किंमत ५, पहिला डेरिव्हेटिव्ह १/१०, म्हणून ५ + १/१० = ५.१. दुसरा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे वेग बदलायचा दर, उणे, आणि २५ ते २६ मध्ये त्याचा आकार सर्वांत मोठा २५ पाशीच: १ भागिले (४ × १२५), म्हणजे ०.००२. त्याचा निम्मा, गुणिले अंतराचा वर्ग १², म्हणजे ०.००१. चिन्ह उणे, म्हणून खरी किंमत ५.१ च्या खाली, पण ५.०९९ च्या वर. कॅल्क्युलेटर ५.०९९०२ दाखवतो. वर्गातली निम्मी मुलं इथं 'सी' च्या जागी २६ घालून मोकळी होतात. तिथं आकार लहान येतो, आणि कुंपण लहान पडलं की म्हैस बाहेर!

काकू संध्याकाळचं विचारतात तेव्हा मात्र मी गप्प बसते. संध्याकाळी सहापर्यंत १२ तास, चूक ½ × १४४ = ७२ इंच. सहा फूट इकडे की तिकडे, असला अंदाज काय कामाचा? तसंच २५ वरून √६० गाठायला जाऊ नका. ५० च्या पुढं ती श्रेणी जुळतच नाही, पदं कितीही घ्या. ६४ वरून मागं या: ८ वजा ४/१६, म्हणजे ७.७५. याची चूक ०.००५ च्या आत आहे, हे तुम्ही दाखवा. मोठी किंमत कुठल्या टोकाला मिळते ते तेवढं नीट बघा.