मोठ्याने वाच

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

त्या निवेदकाचं आत्मचरित्र वाचून तू कासावीस झालीस, हे तुझ्या पत्रातून कळलं. त्यांनी घरातली भांडणं, उधारी, पहिला नकार, सगळं मोकळेपणाने लिहिलंय; आणि खानापूरच्या आपल्या घरात सांगण्यासारखं काही घडलंच नाही, मग मी कसली निवेदक होणार, असं तुझं म्हणणं. उगाच काहीतरी! निवेदकाला बहुतेक वेळा दुसऱ्याचं लिहिलेलं पोचवायचं असतं. ते पुस्तक तू एका रात्रीत मनातल्या मनात संपवलंस. पुन्हा घे, मोठ्याने वाच.

अमीन सयानींना आकाशवाणीच्या हिंदी चाचणीत नाकारलं होतं, उच्चारांत गुजराती आणि इंग्रजी डोकावते म्हणून. १९५२ साली रेडिओ सिलोनवरून हिंदी सिनेगीतांची 'बिनाका गीतमाला' घराघरांत नेली ती याच माणसाने. सोपी भाषा ते आईच्या हाताखाली शिकले. कुलसुम सयानी 'रहबर' हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत, मुलगा मदतीला असे. तुझ्या मराठीत कानडी हेल येतो म्हणून पुण्यात कुणी हसलं, तर एवढं रडायचं काय त्यात? हेल राहू दे. वाक्याचा शेवट सांभाळ. 'घटप्रभेच्या कालव्याला पाणी सोडण्यात आलेले नाही' हे वाचताना तुझा दम संपला आणि 'नाही' घशातच राहिलं, तर हुक्केरीचा शेतकरी रात्रभर पाण्याची वाट बघत बसेल. श्वास घ्यायच्या जागी पेन्सिलीने रेघ मार आणि मोठ्याने वाच.

आमच्या घरी रेडिओचा काटा मराठीसाठी सांगलीवर, कानडीसाठी धारवाडवर फिरायचा. धारवाड केंद्र १९५० चं, सांगली १९६३ चं. दोन्हीकडचे आवाज ऐकत वाढलो. मलाही तिकडेच जायचं होतं. वडील अंथरुणाला खिळले, दुकान माझ्यावर आलं. खंत आहे, अजून आहे. पण वाचन सोडलं नाही. शटर उघडायच्या आधी अग्रलेख मोठ्याने वाचतो. लोक विचारतात, आता याचा उपयोग काय? आईची नजर गेल्यावर तिचा पेपर मीच होतो, हा उपयोग. आणि तसा उपयोग झाला नसता, तरी वाचलंच असतं.

आता मला उत्तर लिहीत बसू नकोस. आजच्या पेपरातली एक बातमी वाच, मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि पाठव. मागे संगीत घातलंस तर ऐकणार नाही.

तुझा,
काका