आईच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. पूर्ण भूल दिली तर स्मरणशक्ती जाते का? कमरेतलं इंजेक्शन बरं का?

भुलीवर खापर फोडणं बंद करा. माझ्या वडिलांना पूर्ण भूल दिलीच नव्हती, कमरेत इंजेक्शन देऊन रॉड टाकला होता. तरी दुसऱ्या रात्री ते सलाइन उपटायला लागले, वारलेल्या आत्याला हाका मारायला लागले, मला ओळखेनात. वॉर्डातल्यांनी त्यांचे हात कॉटला बांधले. चष्मा आणि कानाचं यंत्र ‘हरवेल’ म्हणून आधीच पिशवीत गेलं होतं. म्हणजे धड दिसत नाही, ऐकू येत नाही, त्यात हात बांधलेले. वर झोपेचं औषध दिलं, त्यानं आणखी बिघडले. मी भांडून हात सोडवले, यंत्र कानात घातलं, वार-तारीख सांगत उशाशी बसले. हळूहळू ते भानावर आले. काका मात्र अजून सांगत फिरतात, ‘पोरीनं हट्टानं ऑपरेशन केलं, भुलीनं दादाचं डोकं गेलं.’

वडिलांना झालं त्याला डिलिरियम म्हणतात, म्हणजे आजारपणात अचानक भान हरपणं. २०२१ साली अमेरिका-कॅनडातल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या १,६०० रुग्णांचा ‘रीगेन’ अभ्यास प्रसिद्ध झाला. डिलिरियम कमरेतल्या इंजेक्शनवाल्यांत २०.५ टक्के, पूर्ण भुलीत १९.७ टक्के. फरक नाहीच. प्रोपोफॉलसारखं भुलीचं औषध मेंदूतल्या गाबा या रसायनाचा जोर वाढवून पेशींना शांत करतं. थांबवलं की थोड्या वेळात माणूस जागा होतो. मोडलेलं हाड आणि चिरफाड मात्र दिवसेंदिवस कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आणि सूज आणणारी रसायनं रक्तात सोडत राहतात, आणि म्हाताऱ्या मेंदूला ते झेपत नाही. कमरेतलं इंजेक्शन हा ताण जास्त दाबतं, तरी आकडे हे असे.

म्हणून ऑपरेशन लांबवू नका, शक्यतो ४८ तासांच्या आत होऊ द्या. दुखणं सहन करायला लावू नका. भूलतज्ज्ञांना मिडॅझोलॅम हे गुंगीचं औषध टाळता येईल का, ते विचारा. चष्मा, यंत्र जवळच ठेवा.

विसरभोळेपणा काहींत महिनोन्‌महिने राहतो, हेही खरं. आईला आधीपासून विसरायला होत असेल तर ते लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कमरेतलं इंजेक्शन देता येईलच असं नाही. तो निर्णय भूलतज्ज्ञांचा, नातेवाइकांचा नव्हे.

आणि ‘ऐंशीच्या माणसाला कशाला चिरायचं, वजन लावून पडू द्या’ म्हणणाऱ्यांना रात्रीची पाळी द्या. माझ्या काकांनी वडिलांपाशी एकही रात्र काढली नाही. त्यांनी भुलीबद्दल बोलू नये.